कोयनेचं पाणी घाट उतरतं तेव्हा

(दृश्य: कराड, प्रीतिसंगम. श्रावणातलं गढूळ पाणी.)

कराडात कोयना कृष्णेला अगदी समोरासमोर येऊन भिडते आणि दोघी मिळून सांगलीच्या दिशेनं वळतात. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठल्या उठल्या विचारतो, "कोयनेतनं किती सोडलं?" धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फूट उचललेत, यावर सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी बऱ्याच अंशी ठरते. तिथं 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं.

पण कोयनेचं सगळं पाणी कराडला येत नाही. त्यातला मोठा वाटा सह्याद्री पोखरून पश्चिमेला जातो, थेट चिपळूणला. हे एकेकाळचं बंदर. आज आपण त्या पाण्याच्या मागं निघालोय.

(दृश्य: ओगलेवाडी. जुना प्रभाकर कंदील.)

निघण्याआधी शेजारच्या ओगलेवाडीत दोन मिनिटं थांबू. 1916 साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळावर इथं ओगले काच कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, गोठ्यात आणि माजघरात लटकत होता. पुढं याच खोऱ्यातल्या नदीवर वीज तयार झाली. कंदील खुंटीवरून उतरला, कारखानाही थंडावला. गावाच्या नावात मात्र ओगले राहिले.

(दृश्य: कराड–चिपळूण रस्ता. पाटणची भातखाचरं.)

पाटण मागं पडलं की ऊस विरळ होतो, भात सुरू होतं. लावणीच्या दिवसांत अजून एखादं इरलं दिसतं, बाकी सगळीकडं प्लास्टिकचा कागद. हा रस्ता जुना आहे. रेल्वे नव्हती तेव्हा देशावरचा गूळ, कापूस, धान्य बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट उतरायचं आणि चिपळूणला, वाशिष्ठीच्या खाडीवर पोचायचं. तिथून गलबतं दाभोळमार्गे समुद्रात. परतीच्या वाटेवर मीठ, खोबरं, सुकी मासळी वर यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे–मिरज लोहमार्ग झाला आणि कराडच्या व्यापाऱ्याला मुंबई गाठायला खाडीची गरज उरली नाही. खाडीही गाळानं भरत गेली. बंदराचा दिमाख उतरायला एवढं पुरलं.

(दृश्य: हेळवाक, कोयनानगर. धरणाची भिंत.)

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना डोंगररांगांच्या मधून उत्तरेकडून दक्षिणेकडं येते. हेळवाकला ती एकदम पूर्वेला वळते. अभियंत्यांनी नेमकं हेच वळण हेरलं. इथून पश्चिमेला डोंगराची कड ओलांडली की कोकण सरळ खाली कोसळतं. पाणी अडवायचं, डोंगराला भोक पाडायचं आणि त्या उतारावरून ते सोडून द्यायचं. सांगायला एवढं सोपं.

103 मीटर उंचीची भिंत, 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचा शिवसागर जलाशय. या पाण्याखाली जावळी-पाटणची कितीतरी गावं गेली. माणसं सोलापूर, सांगली, रायगडपर्यंत पांगली, आणि जमिनीच्या हक्कासाठी त्यांची पुढची पिढी कोयनानगरला धरणं धरून बसली. राज्याला उजेड देणाऱ्यांना सातबाऱ्यासाठी खेटे घालावे लागावेत, हे या प्रकल्पाच्या कौतुकात सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही आधी सांगतोय.

(दृश्य: नवजा, ओझर्डे धबधबा.)

धबधबा बघायला लोक येतात ते इथं. नवजाला दर मोसमात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरशी त्याची दरवर्षी चुरस लागते आणि पेपरात दोघांचे आकडे शेजारी-शेजारी छापून येतात. ओझर्डे सुंदर आहे यात शंका नाही, पण शनिवार-रविवारी तिथं पाण्यापेक्षा मोबाईलच जास्त दिसतात. चहाच्या टपरीवरचे मामा म्हणाले, "निम्म्या वेळेला तर धुकंच असतंय. पोरं नुसत्या आवाजाचा व्हिडिओ काढून जात्यात."

खरा मोठा धबधबा इथंच आहे, पण तो दिसत नाही.

(दृश्य: नकाशा. नवजा ते पोफळी.)

नवजाजवळ शिवसागराचं पाणी बोगद्यात शिरतं. डोंगराच्या पोटातून जाऊन ते पोलादी नळांत उतरतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर आदळतं. ही उडी साडेचारशे मीटरांहून जास्त. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॉट क्षमता, त्यातले 1000 एकट्या चौथ्या टप्प्याचे. जलविद्युत केंद्राची खुबी अशी, की औष्णिक संच तापायला वेळ घेतो, पाण्याचा संच काही मिनिटांत चालू होतो. संध्याकाळी सात वाजता महाराष्ट्रभर दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात तेव्हा कोयनेला हाक जाते.

चौथ्या टप्प्यासाठी तलावात नवं तोंड हवं होतं, आणि तलाव रिकामा करणं शक्य नव्हतं. मग नॉर्वेत रूढ असलेली युक्ती वापरली. बोगदा खालून तलावाच्या तळापर्यंत खणत न्यायचा, शेवटचा खडकाचा बूच ठेवायचा आणि तो सुरुंगानं उडवायचा. 13 मार्च 1999 ला हे झालं. 2012 च्या एप्रिलमध्ये पुन्हा एकदा, आणखी खालच्या पातळीवर. पाटण तालुक्यात याला सगळे लेक टॅपिंगच म्हणतात.

पाटणच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाशी बोला, तारखेचा विषय निघाला की 11 डिसेंबर 1967 येतेच. पहाटेच्या भूकंपात कोयनानगर कोसळलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. धरणाला तडे गेले, ते नंतर मजबूत केलं. जलाशयाच्या पाण्यानं भूकंपाला चालना मिळते का, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांना या खोऱ्यात घेऊन आला. पाटण तालुक्यातल्या गोठण्यात तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं, ते त्याचसाठी. हादरे अजूनही बसतात. भांडी वाजतात, लोक क्षणभर थांबतात, पुन्हा कामाला लागतात.

(दृश्य: कुंभार्ली घाट. उतरती एसटी. कोळकेवाडी. चिपळूण.)

घाट उतरताना दोन्ही अंगांना पावसाळी धबधबे सुटलेले असतात. पोफळीतून निघालेलं पाणी खाली कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, तिथं पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीत उतरतं. ज्या वाटेनं गुळाच्या ढेपा उतरायच्या, तिच्या पोटाखालून आता नदी उतरते.

चिपळूणकरांना हे पाणी उन्हाळ्यात हवंसं असतं, पावसाळ्यात नको वाटतं. 22 जुलै 2021 ला बाजारपेठ बुडाली तेव्हा कोळकेवाडीच्या नावानं बरीच वादावादी झाली. त्यानंतर नदीतला गाळ काढायची मागणी जोरात लागली. जुन्या बंदराचा घास घेणारा गाळ शहराच्याही मुळावर आला होता.

कृष्णा पाणीवाटप लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. वीज झाल्यावर हे अवजल वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातं. ते मुंबईला न्यावं, कोकणाच्या शेतीला द्यावं, असे प्रस्ताव अनेक वर्षं निघतायत. पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांचा हिशेब वेगळा: एवढं पाणी घाट उतरूच का द्यायचं? माणचा शेतकरी आणि चिपळूणचा दुकानदार या प्रश्नावर एका ओट्यावर बसणं अवघड आहे.