जळकं ऑईल

वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, सकाळचे सात. खाली जुना टायर टाकलाय. टेम्पोच्या फाळक्यावरून निळा ड्रम त्यावर आदळतो. २१० लिटर हायड्रॉलिक ऑईल, जवळपास दोनशे किलो वजन. हमाल तो काठावर कलता करतो आणि गोल फिरवत गोदामात नेतो.

बुकिंगवाले विचारतात, "तेल आहे ना? मग डीजी लागेल." डीजी म्हणजे डेंजरस गुड्स, धोकादायक माल.

या ड्रमला ते लागू नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांत ज्वालाग्राही द्रवाची रेघ आहे ६० अंश सेल्सिअस फ्लॅश पॉइंटवर. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते. हायड्रॉलिक, गिअर ऑईलचा असतो साधारण २०० च्या आसपास. आगीत सापडलं तर तेही जळतं, पण ज्वालाग्राही माल म्हणून त्याची नोंद होत नाही. डिझेलची होते, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक १२०२.

पण नावावर जाऊ नका. सुट्या भागांना गंज चढू नये म्हणून जे तेल लावतात, त्यात पुष्कळदा केरोसीनसारखं सॉल्व्हंट असतं. डब्यावर लिहिलेलं 'ऑईल'च, फ्लॅश पॉइंट मात्र ४० च्या घरात असू शकतो. म्हणून एमएसडीएस, म्हणजे कंपनीचा मालाच्या सुरक्षेचा माहितीकागद, मागवायचाच. नववा विभाग फ्लॅश पॉइंटचा, चौदावा वाहतुकीचा. दोन्ही जुळत नसतील तर माल चढवू नका, आधी कंपनीला फोन लावा.

आता तसाच एक ड्रम साकीनाक्याच्या गाळ्यात. मशीनमधून काढलेलं तेल त्यात भरलंय, बूच हरवलंय म्हणून तोंडाला चिंधीचा बोळा. गाळ्यातली माणसं याला 'जळकं ऑईल' म्हणतात. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा, आणि गाडीसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे चाललाय त्याचा कागद, हवंच. कारण वापरात त्यात धातूची झीज मिसळते, तापून तयार झालेली रसायनं उतरतात. ती त्वचेला रोज लागणं वाईट.

मला राग येतो तो इथेच. नव्या ड्रमला तीनदा कागद विचारला जातो, आणि हा काळा ड्रम हातगाडीवरून मुकाट निघून जातो.

दुपारी गाळ्यातला पोरगा मूठभर लाकडाचा भुसा घेतो, वर निरमा टाकतो, कोपरापर्यंत हात चोळतो. नखांच्या कडेचा काळेपणा निघत नाही. मग तो डबा उघडतो आणि भाकरी मोडतो.