पिकरेलची बेगमी चालत नाही

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? ओके. तर मला सांगितलं होतं की फिशिंगवर बोला, आणि अपेक्षा बहुतेक अशी होती की मी रॉड कुठला घ्यायचा, सिम्को लेकवर बर्फ किती जाड झाला की जायचं, गांडूळ लावायचं की प्लास्टिकचं आमिष, असलं काहीतरी सांगेन. ते यूट्यूबवर ढिगाने आहे. मी आज बोलणार आहे तुमच्या बेसमेंटमधल्या फ्रीजरबद्दल, त्यात साठवलेल्या पिकरेल, पर्च या इथल्या गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या लोकांकडे तो आडवा पांढरा फ्रीजर आहे, मला माहितीये, कारण त्यातलेच मासे मी तुमच्याकडे जेवलोय.

माझं बालपण देवगडच्या बाजूचं. मे महिना सरत आला की आमच्या आजीची एकच गडबड, पावसाळ्याची बेगमी. सुके बोंबील, सोडे, जवळा, खारवलेले बांगडे, सगळं कडक उन्हात वाळवून डब्यात भरायचं, डबे फडताळात वरच्या फळीवर, आणि मग पाऊस सुरू झाला की होड्या किनाऱ्याला ओढलेल्या त्या थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. आता तर कायद्यानेच यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सांगायचा मुद्दा, ज्या घरात डबे भरलेले ते घर शहाणं, ज्या घरात श्रावणाआधीच जवळा संपला ती सून अव्यवस्थित, हे डोक्यात पक्कं बसलेलं. साठवणे म्हणजे चांगली गोष्ट. हे डोकं घेऊन मी कॅनडात, ऑन्टारिओत आलो, लायसन्स काढलं, फ्रीजर घेतला, आणि बेगमी सुरू केली.

तिसऱ्या वर्षी दणका बसला. आम्ही चार दिवस कॉटेजला गेलो होतो. पर्च भरपूर लागला, रोज संध्याकाळी मी साफ करायचो, कातडी काढायचो, अगदी गुळगुळीत फिले, म्हणजे काट्यापासून सोडवलेले माशाचे दोन बाजूंचे तुकडे, आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकून वर पाणी ओतून कॉटेजच्या फ्रीजरमध्ये ठेवायचो. पाण्यात गोठवलेला मासा सुकत नाही, ही ट्रिक मला कोणीतरी दिली होती आणि चवीच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. परतताना रस्त्यात कॉन्झर्व्हेशन ऑफिसरने, म्हणजे मासेमारीचे नियम तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, गाडी थांबवली, कूलर उघडायला सांगितला. विटेसारखे दोन पांढरे ठोकळे. विचारलं, कुठला मासा? पर्च. किती? मी म्हटलं चाळीस असतील. त्याने ठोकळा उजेडात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाला, मला दिसत नाहीयेत. अतिशय सभ्य माणूस होता हो, आवाज चढवला नाही, काही नाही. पण दंड लावला. किती ते सांगत नाही, बायको समोर बसलीय.

आता बघा, मी त्या दिवशी मर्यादेपेक्षा जास्त मासे आणलेच नव्हते. चूक ही की मोजता येत नव्हते आणि कातडी नसल्याने पर्च आहे की पिकरेलचं पिल्लू आहे हे कळत नव्हतं. इथला नियम साधा आहे, पकडलेला मासा पॅक केला की तो कुठल्या जातीचा आणि किती नग हे सहज ओळखता आलं पाहिजे. मग काय करायचं? फिले काढताना कातडीचा चांगला मोठा तुकडा त्यावर राहू द्यायचा. पर्चवर ते उभे हिरवट पट्टे असतात, पिकरेलची कातडी सोनेरी-हिरवी झाक असलेली, कोणीही ओळखेल. झिपच्या पारदर्शक पिशवीत फिले एका थरात सपाट पसरायचे, एकावर एक रचायचे नाहीत, हवा दाबून काढायची, ट्रेवर आडवं ठेवून गोठवायचं. दोन फिले म्हणजे एक मासा, पिशवीकडे बघूनच आकडा कळतो. आणि पाणी घालायचंच असेल तर पिशवीत थोडंसं, काचेसारखं आरपार दिसेल एवढंच. वर मार्करने तारीख, लेक, कोणी पकडला त्याचं नाव. नाव लिहा असा नियम मला कोणी सांगितलेला नाही, ती माझी स्वतःची सवय आहे, का ते पुढे येतं.

आता मूळ गोष्ट. दोन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकच समजतात. एक कॅच लिमिट, म्हणजे एका दिवसात किती पकडून ठेवू शकता. दुसरं पझेशन लिमिट, म्हणजे एकूण तुमच्याकडे किती असू शकतात, आणि इथे ‘तुमच्याकडे’ म्हणजे हातात, कूलरमध्ये, गाडीत, घरच्या फ्रीजरमध्ये, बहिणीच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दिलेले, कुठेही. ऑन्टारिओत वेगळं लिहिलेलं नसेल तर हे दोन्ही आकडे सारखेच असतात. म्हणजे पिकरेल, ज्याला पुस्तकात वॉलआय म्हणतात, बहुतेक ठिकाणी स्पोर्ट लायसन्सवर ४, कॉन्झर्व्हेशन लायसन्सवर, म्हणजे कमी कोट्याच्या स्वस्त लायसन्सवर, साधारण निम्मे. चार म्हणजे दिवसाला चार आणि घरातही एकूण चार! पाच दिवस कॉटेजला गेलात म्हणून पाच चोक वीस होत नाहीत. हे ऐकल्यावर दर वेळी कोणीतरी म्हणतंच, अहो मग जायचं कशाला. जायचं आणि तिथेच खायचं.

पण त्यातही एक मेख आहे, ती नीट ऐका. समजा घरी फ्रीजरमध्ये २ पिकरेल आहेत. शुक्रवारी तुम्ही लेकवर गेलात, तर तुम्हाला आणखी २ च ठेवता येतील, कारण २ अधिक २ चार. ते दोन तुम्ही दुपारी काठावरच तळून खाल्लेत. आता पझेशन परत २ वर आलं. पण त्या दिवसाच्या कॅच लिमिटमधून ते दोन गेले नाहीत, खाल्लेला मासासुद्धा त्या दिवसाच्या हिशोबात धरतात, आणि कोणाला देऊन टाकलेलाही. म्हणजे शुक्रवारी अजून २ ठेवू शकता आणि मग बास, पोटात काय आणि कूलरमध्ये काय, दिवसाचे चार झाले. आमचा एक मित्र सकाळी चार पकडायचा, शेजारच्या बोटीला वाटायचा आणि मग पुन्हा चार, त्याला वाटायचं आपण उदार आहोत.

सिम्कोचं पर्चचं गणित वेगळं, तिथे स्पोर्टवर ५०, कॉन्झर्व्हेशनवर २५. पन्नास ऐकायला खूप वाटतात पण पर्च केवढा असतो, हाताच्या पंजाएवढा, दोघांच्या दोन-तीन जेवणांत फडशा पडतो. आणि ऑन्टारिओचे फिशिंगसाठी २० झोन केलेत, प्रत्येकाचे आकडे, सीझन, मापं वेगळी, काही लेकचे तर स्वतःचे वेगळे नियम. दरवर्षी सरकारची समरी निघते ती बघितल्याशिवाय जाऊ नका, माझ्या भाषणावर तर अजिबात जाऊ नका. फक्त दोन झोनमध्ये फिरलात म्हणून दोन कोटे मिळत नाहीत एवढं लक्षात असू द्या.

मापाचं पण सांगतो. कावार्थाच्या पट्ट्यात, म्हणजे झोन १७ मध्ये, पिकरेल ३५ ते ५० सेंटिमीटरच्या मधलाच ठेवता येतो. लहान सोडायचा हे आपल्याला पटतं, आपल्याकडेही पापलेटची पिल्लं धरू नका म्हणून ओरड असतेच. मोठा सोडायचा हे मात्र जिवावर येतं! फोटो काढायचा आणि साठ सेंटिमीटरचा मासा परत पाण्यात? पण ती मोठी म्हणजे बहुधा मादी, अंडी तिच्याकडे जास्त, तिच्यावर तर लेक चाललाय. असा मापाचा नियम असलेला मासा तुम्ही पाण्यावर असेपर्यंत डोकं-शेपटीसकट अख्खा ठेवायचा, म्हणजे मोजपट्टी लावता येते. बोटीतच फिले काढत बसायचं नाही. मुक्कामाच्या जागी आल्यावर साठवणीसाठी साफ केला तर चालतो, आणि जमिनीवरून गाडीने नेताना फिले चालतात, फक्त जात आणि नग मघाशी सांगितल्यासारखे कळले पाहिजेत. आणि जिवंत मासा बादलीत घालून घरी आणायचा नाही, ते वेगळं लफडं आहे. ताजा हवा म्हणून जिवंत आणला हे कारण मी ऐकलेलं आहे.

आता नावाचं. घरात नवरा-बायको दोघांचं लायसन्स असेल तर दोघांचे मिळून आठ पिकरेल फ्रीजरमध्ये असू शकतात, पण तिचे चार तिने पकडलेले पाहिजेत. मासा ज्याने पकडला त्याच्या खात्यात. इथे राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही आणि त्यांना स्पोर्टचा पूर्ण कोटा असतो, म्हणून काही जण पाळण्यातल्या बाळाच्या नावावर पण चार लावतात. तर त्या बाळाने रॉड धरलेला असावा, एवढंच माझं म्हणणं. म्हणून मी पिशवीवर नाव लिहितो. उद्या कोणी विचारलं तर ‘हे सगळे आमचे’ असं मोघम उत्तर द्यायची वेळ येत नाही.

आणि भारतातून आलेली मंडळी. हा प्रकार दर उन्हाळ्यात होतो. ६५ च्या वर लायसन्स लागत नाही हे आपण कुठेतरी वाचतो आणि बाबांना घेऊन जातो. ती सवलत कॅनडात राहणाऱ्यांना आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले तुमचे बाबा बहात्तर वर्षांचे असले तरी त्यांना बाहेरच्या माणसाचं लायसन्स घ्यावं लागतं. पुण्याहून आलेला बारा वर्षांचा भाचा लायसन्सशिवाय गळ टाकू शकतो, पण लायसन्सवालं कोणीतरी सोबत पाहिजे आणि त्याने पकडलेले मासे त्या सोबतच्या माणसाच्या कोट्यात धरतात. म्हणजे भाच्याने चार काढले की मामा बसला हात चोळत. वर्षातून चार वेळा, फॅमिली डे, मदर्स डे, फादर्स डेचे वीकेंड आणि जुलैतला एक आठवडा, लायसन्सशिवाय फिशिंग करता येतं, तेही इथल्या रहिवाशांनाच आणि तेव्हा कॉन्झर्व्हेशनचा कमी कोटा.

विकायचं अजिबात नाही. पैसे घेऊन नाही, आणि ‘मी पर्च देतो तू मला पुरणपोळ्या दे’ असा व्यवहार पण नाही. सहज भेट दिली तर ठीक. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे एक मेसेज फिरत होता, ताजे मासे, रेट विचारा. मी त्यांना फोन केला, त्यांना खरंच माहिती नव्हतं.

कोणी म्हणेल, घरात येऊन कोण बघतंय. खरंय, ऑफिसर वॉरंटशिवाय किंवा तुम्ही हो म्हटल्याशिवाय राहत्या घरात शिरत नाहीत. पण मला तो युक्तिवाद पटत नाही, आणि कारण भीतीचं नाहीये. दिवसाची मर्यादा एकटी काही कामाची नाही. लेकच्या काठावर राहणारा माणूस रोज चार काढून वर्षभर साठवू शकतो, आणि शहरातून तीन तास गाडी चालवून येणाऱ्याला मिळणार दोन शनिवार. फ्रीजर मोजला की दोघंही जेवढं खातात तेवढंच काढतात. मला हे कळायला तीन वर्षं आणि एक पावती लागली.

सगळीकडे असंच आहे असं नाही हां. ब्रिटिश कोलंबियात गोड्या पाण्यातल्या माशांची पझेशनची मर्यादा तुमच्या कायमच्या राहत्या घरात लागू नाही, वाटेत आणि कँपवर लागू. पलीकडे मिशिगनमध्ये दिवसाच्या कोट्याशिवाय आधीच्या दिवसांचे आणखी दोन कोटे ठेवता येतात, पण ते गोठवलेले, वाळवलेले-धुरावलेले किंवा बरणीबंद असले तरच. म्हणजे तिथे बेगमीला थोडी जागा ठेवलीय. व्हॅन्कुव्हरच्या चुलतभावाने सांगितलेला नियम इथे लावू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

आणि खरं सांगू का, साठवून चव पण राहत नाही. पिकरेल, पर्चमध्ये चरबी कमी, उणे १८ ला सहा-आठ महिने बरा टिकतो. सामन, ट्राउट दोन-तीन महिन्यांत खवट व्हायला लागतो, मग कितीही आगळ घाला. शिवाय ऑन्टारिओ सरकारचं कुठल्या लेकचा, केवढ्या मापाचा मासा महिन्यात किती वेळा खावा याचं गाइड आहे, पाऱ्यामुळे मोठा मासा कमी खायचा, आणि गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी आकडे आणखी कमी. ते घरच्यांना दाखवा.

प्रश्न? हां काकू, बोला. माशाचं लोणचं. (हशा) नाही नाही, हसू नका, हा चांगला प्रश्न आहे. लोणचं घातलं, धुरावला, खारवला, तरी तो मासा मोजतातच, जोपर्यंत खाऊन संपत नाही तोपर्यंत. आणि बरणीत बिनकातडीच्या फोडी मसाल्यात बुडालेल्या, त्या चार माशांच्या की चौदा, हे तुम्हालाही महिन्याभराने सांगता येणार नाही. मोठी बरणी भरून ठेवू नका, थोडं करा आणि लगेच संपवा.

काय म्हणालात? दोनच माशांचं घालता, आणि ते काका तीन दिवसांत संपवतात? मग तुमचं ठीक चाललंय. काकांना जरा बीपीचं बघायला सांगा.