त्रेपन्न लिहिताना पेन्सिल कुठे टेकते?

(दृश्य : दुसरीतल्या मुलाची वही. एक बोट ओळीवरून फिरतं.)

बाईंनी सांगितलं त्रेपन्न. मुलाने लिहिलं ३५. सत्तेचाळीसचे झाले ७४, चौसष्टचे ४६. चाळीस, पन्नास, चव्वेचाळीस मात्र बरोबर.

ही वही घेऊन बाई वस्तीवरच्या शाळेतून केंद्रशाळेत आल्या आहेत. त्यांची शाळा द्विशिक्षकी. चार वर्ग दोघांत वाटून घेतलेले. वर्गात काही अडलं तर विचारायचं कुणाला?

आसपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र होतं, त्यातली मुख्य ती केंद्रशाळा. महाराष्ट्रात १९९४ साली अशा केंद्रांसाठी केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली. राज्यभर ४८६० केंद्रं. केंद्रातले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसतात, तीच शिक्षण परिषद. पुष्कळ परिषदा परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात संपतात, ही शिक्षकांची जुनी आणि रास्त तक्रार आहे. आज मात्र सतरंजीच्या मधोमध एक वही उघडी आहे.

"सराव कमी पडतोय," कुणीतरी म्हणतं. "घरी कोणी घेत नाही अभ्यास." माना डोलतात. मग मागच्या रांगेतले एक सर विचारतात, "बाई, पोराने पेन्सिल आधी कुठे टेकवली?"

कुणालाच सांगता येत नाही. वहीत उत्तर दिसतं, हात दिसत नाही. ठरतं असं, की पुढच्या परिषदेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या वर्गात फक्त हात बघायचा.

(दृश्य : मुलाचा हात, अगदी जवळून.)

हा बघा. त्रेपन्न ऐकलं, आधी ३ लिहिला. मग त्याच्या उजवीकडे ५. आता शेजारची मुलगी. तिनेही आधी ३च लिहिला, पण थोडी जागा सोडून, आणि मग डावीकडे ५. तिचं उत्तर बरोबर, त्याचं चूक. ऐकलं दोघांनी सारखंच. मराठीत 'त्रे' आधी येतं, 'पन्नास' नंतर. अंकांत पाच आधी. इतकी वर्षं ज्याला आपण धांदरटपणा म्हणत आलो, तो आपल्याच भाषेचा पेच होता.

याच पेचापायी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशा वाचनाचा पर्याय आला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. वाद थेट विधानसभेत पोचला. त्या गदारोळात वर्गातल्या मुलाचा हात कितीजणांनी पाहिला असेल?

या केंद्रातले शिक्षक मिळून एक पाठ बसवतात. शिकवणार एक बाई, बाकीचे मुलांशेजारी बसणार. बघायचं ते बाईंकडे नाही, मुलांकडे. जपानमध्ये शिक्षक शंभराहून अधिक वर्षं असं करत आले आहेत. 'जुग्यो केनक्यू' म्हणतात त्याला, म्हणजे पाठाचा अभ्यास. पाठ सगळ्यांचा असतो, त्यामुळे फसला तरी तो एकट्या बाईंच्या माथी बसत नाही. आपल्याकडे वर्गात दुसरं कुणी येऊन बसलं की तपासणीच वाटते. ती भीती जायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

पाठात आइस्क्रीमच्या काड्या आहेत. दहा-दहांचे गठ्ठे आणि काही सुट्ट्या. सगळ्यांना खात्री, की काड्या हातात आल्या की चूक सुटेल.

"त्रेपन्न मांडा."

एक मुलगा आधी तीन सुट्ट्या काड्या ठेवतो. मग त्यांच्या उजवीकडे पाच गठ्ठे. आणि जसं दिसतं तसं लिहितो, ३५. शेजारी बसलेले सर हळूच विचारतात, "असं का रे?"

"बाई आधी तीनच म्हणाल्या ना!"

पाठ संपल्यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. साहित्य दिलं, पण ते मांडायचं कुठे हे मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग खडूने जमिनीवर दोन घरं आखली जातात. डावीकडे दशक, उजवीकडे एकक. सुट्ट्या आधी ठेवल्या तरी चालतील, घर मात्र चुकायचं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या बाई, हाच पाठ घेतात. तो मुलगा जे बोलला, ते त्यांनी पाठाच्या टाचणात जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

(दृश्य : पुढची परिषद. सतरंजीवर नवी वही.)

आता त्रेपन्न बऱ्याच जणांचं जमतंय. आज एका सरांनी एकोणसाठ आणलंय. या शब्दात पाचही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. मुलीने लिहिलंय ६९.

"पेन्सिल आधी कुठे टेकवली तिने?" बाई विचारतात.

"सहावर," सर म्हणतात. "आणि मग बराच वेळ थांबली होती."

वहीभोवतीची माणसं आणखी जवळ सरकतात.