'एम' व्हायच्या आधीची जुडी डेंच

या बाईंना तुम्ही ओळखलंच असेल. 'एम', जेम्स बॉन्डची बॉस. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये त्या पहिल्यांदा या खुर्चीत बसल्या तेव्हा साठीच्या होत्या, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं की जुडी डेंच नावाची कोणी नटी आहे. तोवर स्टेजवर अडतीस वर्षं काढून झाली होती हो!

हे इंग्लंडमधलं यॉर्क. सेंट मेरीज ॲबीच्या या पडक्या भिंतींसमोर १९५१ पासून गावातलीच माणसं बायबलच्या गोष्टींची जुनी नाटकं परत करायला लागली आणि त्यात एका डॉक्टरची मुलगी आधी देवदूत झाली, मग मेरी. तिला खरं तर नेपथ्य करायचं होतं. १९५७ ला लंडनच्या ओल्ड विक नाटक कंपनीने थेट 'हॅम्लेट'मधली ऑफिलिया दिली, समीक्षकांनी झोडपली, अमेरिका दौऱ्यात रोल काढूनही घेतला.

आता हे नीट बघा. १९७६ चं 'मॅकबेथ', चित्रण नंतर टीव्हीसाठी केलेलं. स्ट्रॅटफर्डला रॉयल शेक्सपिअर कंपनीचं मोठं थिएटर असताना ट्रेव्हर नननी हे नाटक बसवलं पत्र्याच्या शेडमध्ये, नाव 'द अदर प्लेस'. सेट म्हणजे जमिनीवर एक वर्तुळ, बस. ज्याचा सीन नाही तो विंगेत जात नाही, कडेला खोक्यावर बसून बघतो, गडगडाट हवा की सगळ्यांसमोर पत्रा हलवायचा, मध्यंतर नाही, आणि प्रेक्षक इतके जवळ की खोटं काही खपायचंच नाही. मॅकबेथ इयन मॅकेलन, त्याची बायको लेडी मॅकबेथ जुडी डेंच. बाईंच्या डोक्याला काळं फडकं, अंगात साधा काळा झगा. राणी म्हणावी असं अंगावर काही नाही, सगळं आवाजात. झोपेत चालायचा प्रवेश येतोय, हात बघा, एकमेकांवर घासतायत. पुढचं मी बोलत नाही, ऐका.

...

ऑस्कर मिळालं ते 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या एलिझाबेथ राणीसाठी, जगाला तेच लक्षात राहिलं, असो. पुढे मॅक्युलर डिजनरेशन या डोळ्यांच्या आजाराने नजर गेली तशी स्क्रिप्ट वाचता येईना, मग दुसऱ्या कोणीतरी वाचायचं आणि बाईंनी ऐकून पाठ करायचं. तशात २०१५ ला लंडनच्या गॅरिक थिएटरात केनेथ ब्रॅनासोबत 'द विंटर्स टेल' केलं, पॉलिना म्हणून, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी परत ऑलिव्हिये हे ब्रिटिश रंगभूमीचं मोठं अवॉर्ड घेतलं.