रविवारच्या राइडच्या गप्पा

नमस्कार मंडळी. रविवारी दुपारी कुठल्याही सायकलवाल्याला फोन करू नका, तो चारजणांचा वरणभात एकट्याने हाणून आडवा झालेला असतो. संध्याकाळी करा, पण हाताशी तासभर ठेवून करा, कारण तो पहाटे किती वाजता उठला, टायरमध्ये हवा किती मारली इथपासून सुरुवात करणार आणि राइड सुरू व्हायच्या आतच तुमचा चहा गार झालेला असणार. मी स्वतः त्याच जातीतली, त्यामुळे आज ऐकायची वेळ तुमची.

आमचा पुण्यातला दहाबारा जणांचा ग्रुप आहे. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, एक डेंटिस्ट मुलगी आहे, दोनतीन आयटीवाले तर असतातच, आणि एक गृहस्थ असे की ते नक्की काय करतात हे अजून कोणालाच कळलेलं नाही पण सायकल सगळ्यात भारी त्यांची. रेसबिस कोणी करत नाही. रविवारी भल्या पहाटे निघायचं, कुठेतरी जाऊन खायचं आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. आल्यावर पहिला प्रश्न मात्र ठरलेला. ॲव्हरेज किती आलं? मला हा प्रश्न आवडत नाही. म्हणजे बघा, स्ट्राव्हा या राइड मोजणाऱ्या ॲपवर ताशी २२ किलोमीटरचं ॲव्हरेज दिसतं, पण वारा कुठून होता, रस्ता खणलेला होता का, वाटेत कोणाचं पंक्चर झालं, यातलं त्या आकड्यात काहीच येत नाही, आणि खरी राइड तर तीच असते ना!

भिगवणचंच घ्या. सोलापूर रोडने लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस करत गेलं की शंभरेक किलोमीटरवर भिगवण. रस्ता सपाट, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की सोप्पं आहे. उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात, अगदी मार्चपर्यंत, फ्लेमिंगो असतात आणि माशाची थाळी मिळते, आमच्यातले अर्धे पक्ष्यांसाठी येतात आणि अर्धे थाळीसाठी, पण सगळे सांगतात पक्ष्यांसाठीच. जाताना मस्त गेलो, २६-२७ ने, गप्पा मारत. आता होतं काय की फेब्रुवारी उलटला की दुपारी पश्चिमेकडनं वारा सुटतो आणि भिगवणहून पुण्याला यायचं म्हणजे तोंड पश्चिमेलाच. जेवून निघालो आणि वीस मिनिटांत सगळ्यांची बोलती बंद. पाय तेच, सायकल तीच, आणि हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरवर स्पीड १७. चढ असला तर निदान दिसतो तरी, वर पोचलं की संपतो, पुढे उतार मिळतो. वारा दिसत पण नाही आणि संपत पण नाही.

अशा वेळी ग्रुप कामाला येतो. एकामागे एक लाइन लावायची, पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून, म्हणजे वाऱ्याचा मार पुढचा खातो आणि मागच्याला तिसरा हिस्सा तरी जोर कमी लागतो. पुढच्याने दोनतीन मिनिटं ओढायचं आणि बाजूला होऊन शेवटी जायचं. नियम सोपा आहे पण माणसं अवघड असतात. एक आयटीवाला पुढे आला की लगेच स्पीड वाढवतो, त्याला वाटतं आपण सगळ्यांना मदत करतोय, आणि मागे लाइन तुटून पार यवतपर्यंत पसरलेली. काकांनी त्याला शेवटी सांगितलं, "अरे बाबा, तुझी नोकरी कोणी काढून घेत नाहीये, हळू चल." तेव्हापासून काका पुढे राहिले आणि एकसारख्या १८ ने आम्हाला लोणीपर्यंत आणून सोडलं. वय ६४. स्टीलची जुनी फ्रेम.

त्या रस्त्यावर उसाच्या सीझनमध्ये अजून एक प्रकार असतो, डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला, टेपवर गाणी एवढ्या मोठ्याने की तुमची घंटा सोडा, ट्रकचा हॉर्न पण त्याला ऐकू जाणार नाही. त्याच्या मागे आडोसा छान मिळतो म्हणून काही पोरं चिकटून चालवतात. नका करू. ट्रॉली उसाने इतकी वरपर्यंत भरलेली असते की पुढचा खड्डा तुम्हाला दिसत नाही, आणि मोळी सुटून खाली आली तर ती थेट हँडलवर. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांडक्याच पुरतात आडवं करायला. आमचा एक जण यवतच्या अलीकडे तसाच गेला, लागलं फार नाही, कोपर सोललं आणि जर्सी फाटली, पण चेहरा अशा वेळी जो होतो तो झाला होता.

आता पंक्चर. सायकलवाल्यांच्या गप्पांत पंक्चरची गोष्ट नसेल तर ती राइड झालीच नाही असं समजा. गावाकडच्या रस्त्यावर बाभळीचा काटा असतो, तो निदान दिसतो. हायवेवर खरा शत्रू म्हणजे ट्रकचं टायर फुटलं की त्यातनं निघणाऱ्या तारा. केसाएवढी बारीक तार, ती टायरमध्ये घुसते, बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि दाब पडला की ट्यूबला टोचते. डेंटिस्ट मुलीचं शिरवळच्या पुढे पंक्चर झालं, तिने झटपट ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर परत फुस्स. परत बदलली. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "थांब गं, आधी आत काय आहे ते बघू." टायर उलटं केलं आणि खिशातलं सुती फडकं आतनं हळूहळू फिरवलं, एका जागी फडक्याचा दोरा अडकला. तिथे ती तार, टोक जेमतेम एक मिलीमीटर बाहेर आलेलं. नखाने निघेना, चिमटा कोणाकडे नाही, मग काकांनी सरळ टायर तोंडाजवळ नेलं आणि दाताने ओढून काढली, ती पण डेंटिस्टसमोर! तार निघाली हे राहिलं बाजूलाच, रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने काकांना दहा मिनिटं झापलं. आता तिच्या सॅडलबॅगमध्ये क्लिनिकमधला चिमटा कायम असतो. आणि टायरच कापलं गेलं असेल तर अजून एक करा, दहाची नोट घडी घालून चीर पडलेल्या जागी आतनं ठेवा आणि ट्यूब भरा, घरापर्यंत आरामात येतं. पाचशेची पण चालेल, ऐपत असेल तर.

ही राइड होती पाचगणीची. मला विचाराल तर पुण्याजवळची सगळ्यात सुंदर. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, मग खंबाटकी. खंबाटकीत ट्रक पहिल्या गियरवर रांगत असतात आणि आपणही जवळपास त्याच स्पीडने, त्यामुळे एकाच ट्रकची सोबत बराच वेळ मिळते. डिझेलचा धूर नाकात जातो तो भाग सोडा. क्लीनर दरवाज्यातून लोंबकळत चौकशी करतो. "कुठनं आलाय?" पुण्यातनं. "कुठं निघालाय?" पाचगणी. "सायकलवर? का, गाडी न्हाई का?" आहे की. मग थोडा विचार करून, "पैसे मिळत्यात का याचे?" नाही म्हटल्यावर तो आत जाऊन ड्रायव्हरला सांगतो आणि दोघं आपल्याकडे अशा नजरेने बघतात की घरच्यांनी पण कधी बघितलं नसेल. यानंतरचा प्रश्न सायकल केवढ्याची हा असतो, आणि त्याचं खरं उत्तर आमच्यातला एकही माणूस देत नाही. घरी तर त्याहून नाही.

सुरूर फाट्याला वळून वाईत आलो की चहा, आणि मग पसरणीचा घाट. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, तिथूनच चढ सुरू. हा घाट गुणी आहे हो. दहाबारा किलोमीटरचा, पण छातीवर येत नाही, एका लयीत चढत राहतो, चार-पाच टक्क्यांनी. एकदा गियर लावला आणि श्वास बसला की पाय आपोआप फिरतात, आणि एका वळणावरून खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं, मग ते प्रत्येक वळणाला आणखी खाली जातं. त्रास कशाचा, तर रविवारच्या टुरिस्ट गाड्यांचा. ओव्हरटेक करताना इतक्या जवळून जातात की आरशाची हवा कानाला लागते, आणि मग खिडकीतून अंगठा दाखवून चिअर अप पण करतात! आधी तीन फूट जागा द्या, मग अंगठा दाखवा.

सिंहगड याच्या बरोबर उलटा. गोळेवाडीपासून आठ-नऊच किलोमीटर, पण श्वास घ्यायला जागाच देत नाही, काही वळणं तर अशी की पुढचं चाक उचललं जातं. तिथे ज्याच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, ३४ दातांची चकती आहे तो बसून, इकडेतिकडे बघत जातो आणि ज्याने ऐटीत २८ ची ठेवलीय तो उभा राहून घाम गाळतो. दुकानदाराला सांगून मोठी चकती टाकून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. गडावर सकाळी आठच्या आत पोचायचं, मडक्यातलं दही खायचं, झुणका-भाकरी खायची आणि गाड्यांचा जाम लागायच्या आत खाली उतरायचं. उतरताना सांभाळून. उतारावर स्ट्राव्हाचा रेकॉर्ड मोडायला जाणाऱ्यांबद्दल माझं मत रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

हल्ली एक गंमत झालीय. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, परदेशी टीम्सवाली, सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय कॅलेंडरवरची. गावोगावची माणसं, शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला उभी होती टाळ्या वाजवायला. आता आम्ही टाइट कपडे घालून कुठल्या गावातनं गेलो की पोरं ओरडतात, "आले आले, ग्रँड टूरवाले आले!" आणि आम्ही आपले पोट आत घेऊन जरा जोरात मारतो गावाची वेस संपेपर्यंत. आधी कुत्री मागे लागायची, आता कुत्री आणि पोरं दोन्ही. कुत्र्याचं म्हणाल तर पळू नका, स्पीड कमी करा, वाटल्यास उतरा आणि सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा त्याचा इंटरेस्टच संपतो.

लांब जायची हौस असलेले बीआरएम करतात, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस, आणि एका सीझनमध्ये चारही झाले की सुपर रँडोनर. मूळ फ्रान्सचं, वाटेत शिक्के घ्यायचं ब्रेव्हे कार्ड पण तिकडच्याच पद्धतीचं. यात नंबर नसतो, म्हणून मला आवडतं. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला दोघांचं नाव यादीत आद्याक्षराप्रमाणेच. मध्ये कंट्रोलला, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, पोचल्याचा पुरावा द्यायचा, शिक्का मारायला माणूस नसेल तर दुकानाचं बिल किंवा एटीएमची स्लिप चालते. काकांनी २०० केली तेव्हा त्यांच्या कार्डासोबत दोन वडापाव, एक ताक असं बिल पिनने लावलेलं होतं आणि वेळ संपायला वीस मिनिटं बाकी. मी म्हटलं, काका, एवढा उशीर? तर म्हणाले, "साडेतेरा तासांचे पैसे भरलेत, लवकर येऊन काय करू?"

आणि त्याच्याही पलीकडचे लोक आपल्याच महाराष्ट्रात आहेत बरं का. अमेरिकेत रेस अक्रॉस अमेरिका नावाची राइड असते, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या टीमने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. गोकुळनाथ पण डॉक्टरच, लष्करातले. सायकलिंगमध्ये इतके डॉक्टर का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि तेच पेशंटना सांगतात की विश्रांती घ्या.

लांबच्या राइडला एकच गोष्ट पाठ करा, भूक लागायच्या आधी खायचं. दीड-दोन तास जोरात चालवलं की पायातला साखरेचा साठा संपायला लागतो, आणि एकदा संपला की मग डोळ्यापुढे अंधारी, हातापायाला थरथर, विनाकारण राग. एका आयटीवाल्याने राइडमध्ये खायच्या महागाच्या एनर्जी जेल आणल्या होत्या परदेशातनं, पोटात ढवळलं आणि शेवटी कापूरहोळला टपरीवर बसून राजगिऱ्याचे लाडू आणि केळी खाल्ली तेव्हा रंगावर आला. आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाला.

वेळ संपत आली असं काचेपलीकडून खुणावतायत. तर नवीन सुरू करणाऱ्यांसाठी पटकन. कुठली सायकल घेऊ म्हणून महिनोन्महिने रिव्ह्यू बघत बसू नका, घरात पडलेली आहे तिची हवा भरा, ब्रेक तपासून घ्या, साखळीला तेल घाला. सायकलचं तेल, स्वयंपाकाचं नाही. आमच्या सोसायटीतल्या एकाने शेंगदाण्याचं घातलं होतं, धूळ चिकटून साखळीची चिक्की झाली. मागे लाल लाइट, डोक्यावर हेल्मेट, कानात इयरफोन अजिबात नाही, आणि पहिल्या रविवारी वीस किलोमीटर भरपूर झाले. नमस्कार.