मित्सुको : शंभरी ओलांडलेले एक अवघड परफ्यूम

(दृश्य : टेबलावर कागदाची अरुंद पट्टी. तिच्या टोकाशी पिवळसर थेंब हळूहळू पसरतो आहे.)

मित्सुकोचा थेंब कागदाच्या पट्टीवर पडला की सर्वांत आधी जाणवतो तो बर्गमॉट, म्हणजे इटलीच्या कलाब्रिया प्रांतात पिकणाऱ्या एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीतला तेलकट आणि किंचित कडसर ताजेपणा. अर्ल ग्रे चहा पिणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल. ही सलामी थोड्याच मिनिटांत ओसरते, आणि तिच्या मागून जो गंध वर येतो तो पहिल्या भेटीत पुष्कळांना रुचत नाही. त्यात पिकलेल्या फळाचा गोडवा असतो, पण तो गोडवा ओलसर माती, झाडाची साल आणि मसाल्याच्या डब्याची आठवण करून देणाऱ्या कशात तरी बुडालेला असतो. दुकानात उभ्या उभ्या पट्टी हुंगून घाईने निर्णय घेणाऱ्याला हे परफ्यूम जुनाट वाटते, कारण त्याचा खरा स्वभाव उलगडायला एखादा तास जावा लागतो. तरीही १९१९ साली पॅरिसमध्ये विक्रीला आलेले हे परफ्यूम आज, शंभर वर्षे उलटून गेल्यावरही, त्याच घराण्याकडून आणि त्याच नावाने विकले जाते.

ते घराणे गेर्लँ. पिएर-फ्रांस्वा-पास्काल गेर्लँ यांनी १८२८ साली पॅरिसमध्ये दुकान थाटले, आणि पुढे सुगंध रचण्याची विद्या त्या कुटुंबात पिढी दर पिढी चालत राहिली. मित्सुकोचे कर्ते झाक गेर्लँ (१८७४–१९६३) हे संस्थापकांचे नातू. १९१२ साली त्यांनी ‘लर ब्लू’ हे हळवे, पावडरी फुलांचे परफ्यूम केले होते, आणि पुढे १९२५ साली ज्याचा जगभर बोलबाला झाला ते व्हॅनिलाप्रधान ‘शालिमार’ही त्यांचेच. या दोन लोभस भावंडांच्या मधला मित्सुको अबोल आहे, आणि माझ्या मते तिघांत बुद्धिमानही तोच आहे.

(दृश्य : ओकच्या खोडावर वाढलेली करड्या-हिरव्या रंगाची, हरणाच्या शिंगांसारखी फुटलेली झुडुपी वाढ.)

त्याची बांधणी समजून घ्यायची तर दोन वर्षे मागे जावे लागते. १९१७ साली फ्रेंच सुगंधकार फ्रांस्वा कोती यांनी ‘शीप्र’ नावाचे परफ्यूम बाजारात आणले. वर बर्गमॉटचा उजेड, मध्ये फुले, आणि तळाशी ओकमॉस व लॅब्डॅनम यांचा गडद, राळेसारखा थर, अशी त्याची रचना होती. असे घटक एकत्र आणण्याची रीत त्याआधीही होती, पण कोतींनी ते इतक्या ठाशीवपणे मांडले की पुढे ‘शीप्र’ हे सुगंधांच्या एका संपूर्ण कुळाचेच नाव झाले. लॅब्डॅनम हा भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडुपाचा चिकट डिंक आहे. ओकमॉसला नावात मॉस म्हटले असले तरी ते शेवाळ नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून तयार झालेली ती दगडफुलाच्या प्रकारची एक सजीवरचना (लायकेन) आहे, आणि ती मुख्यतः ओक वृक्षांच्या सालीवर वाढते.

मराठी स्वयंपाकघराला हा गंध परका नाही. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल याच प्रकारात मोडते. जात वेगळी, पण गोत्र जवळचे. कोरडे दगडफूल हातात घेतले तर ते कागदाच्या चुरगळलेल्या कपट्यासारखे निर्जीव वाटते, त्याला वासही बेताचाच असतो. कढईत चमचाभर तेलावर ते परतायला घेतले की मिनिटभरात धुरकट, मातकट, किंचित कडू असा दरवळ उठतो, आणि मसाल्यातल्या धने-खोबऱ्याला जे गांभीर्य येते ते त्यामुळेच. कनौजचे अत्तरवालेही शमामासारख्या मसालेदार अत्तरांत ‘छरीला’ या नावाने हेच दगडफूल वापरतात. युरोपात ओकमॉस गोळा करून वाळवतात, द्रावकाच्या साहाय्याने त्याचा अर्क काढतात, आणि शेवटी हाती येते ती काळपट हिरवी, काकवीसारखी दाट लापशी. तिला जंगलातल्या कुजलेल्या पानांचा, शाईचा आणि थोडा समुद्राच्या खारेपणाचा वास असतो. हिच्यासोबत मित्सुकोच्या तळाशी वाळा आणि पाच (पॅचुली) यांचे गंधही आहेत, म्हणजे आपल्याकडच्या माठातला एक गंध आणि देवाला वाहण्याच्या पत्रीतला दुसरा. त्यामुळे हे परफ्यूम प्रथमच हुंगणाऱ्या मराठी माणसाला त्यात काहीतरी ओळखीचे लागले, तर तो केवळ भास मानण्याचे कारण नाही.

कोतींचा सांगाडा झाक गेर्लँ यांनी घेतला हे उघड आहे, आणि ते लपवण्याचेही कारण नाही. सुगंधाच्या व्यवसायात आधीच्याच्या खांद्यावर उभे राहूनच पुढचे दिसते. मात्र त्या सांगाड्यावर त्यांनी मांस चढवले ते एका प्रयोगशाळेतल्या पदार्थाने. गामा-अनडेकालॅक्टोन असे त्याचे शास्त्रीय नाव; व्यापारात त्याला ‘आल्डिहाइड सी-१४’ म्हणत, जरी तो आल्डिहाइडही नाही आणि त्याच्या रेणूत चौदा कार्बनही नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आलेल्या या द्रव्याला पिकलेल्या पीचचा, साईसारखा, जरा खोबऱ्याकडे झुकणारा वास येतो. नुसते हुंगले तर ते मिठाईच्या दुकानात शोभावे असे वाटते. पीच हे असे फळ आहे की त्यातून परफ्यूमला लागणारे तेल काढता येत नाही, त्यामुळे हा पदार्थ उपलब्ध झाला नसता तर मित्सुको होणेच शक्य नव्हते.

खरी करामत प्रमाणात आणि शेजारात आहे. ओकमॉसच्या कडू अंधारात हा पीच सोडला की त्याचा लाडिकपणा जातो आणि फळाच्या गरापेक्षा त्याची लवदार साल, तिचा उबदार स्पर्श तेवढा शिल्लक राहतो. उलट बाजूने पाहिले तर कोतींच्या शीप्रमधला कोरडा ताठरपणा या पीचमुळे निवळतो. त्यावर दालचिनी आणि लवंगेची पूड भुरभुरल्यासारखी मसाल्याची ऊब आहे, मध्ये गुलाब आणि जॅस्मिन आहेत, पण कोणतेही फूल स्वतःचे नाव सांगत पुढे येत नाही. बर्गमॉटचे हलके रेणू लवकर उडून जातात, पीचचा वास देणारे लॅक्टोन त्यांच्यापेक्षा कितीतरी सावकाश उडते, आणि ओकमॉस तर दुसऱ्या दिवशीही पट्टीवर ठाण मांडून बसलेले असते. त्यामुळे एका तासाने हुंगलेले मित्सुको, सहा तासांनी हुंगलेले मित्सुको आणि सकाळी उशीवर उरलेले मित्सुको ही तीन वेगवेगळी परफ्यूम वाटावीत इतका फरक त्यांत पडतो. आजची बहुतेक नवी परफ्यूम पहिल्या अर्ध्या मिनिटात गिऱ्हाइकाला जिंकण्यासाठी रचली जातात; मित्सुकोची सगळी कमाई उशिराची आहे.

(दृश्य : उलट्या हृदयाच्या आकाराचे, मधोमध पोकळ असलेले काचेचे बूच.)

नावाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. क्लोद फारेर या फ्रेंच लेखकाच्या १९०९ सालच्या ‘ला बताय’ या कादंबरीत रशिया-जपान युद्धाच्या पार्श्वभूमीवर एका जपानी नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीची, मित्सुकोची, गोष्ट येते. पती आणि एक इंग्रज अधिकारी यांच्यात तिचे मन अडकलेले असते. त्या काळी पॅरिसला जपानी पंखे, पडदे आणि ठसेचित्रे यांचे वेड होते, आणि नावाची ही निवड त्या वेडाला धरूनच होती. बाटलीत मात्र जपानी असे काहीही नाही. हा सुगंध युरोपातल्या जंगलाचा आणि फ्रेंच रसायनशाळेचा आहे, आणि नायिकेचा संयम त्यात शोधणारे रसिक बहुधा नाव वाचल्यानंतर तो शोधतात. बाटलीसुद्धा नवी नव्हती. १९१२ साली ‘लर ब्लू’साठी घडवलेलीच बाटली, खांद्यांवर नक्षीदार वळणे आणि वर हृदयाच्या आकाराचे बूच असलेली, मित्सुकोलाही देण्यात आली. या दोन परफ्यूमच्या बाटल्या आजही शेजारी ठेवल्या तर लेबल वाचल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

ज्या वर्षी हे परफ्यूम आले ते वर्ष मात्र महत्त्वाचे आहे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. चार वर्षे फ्रेंच स्त्रियांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम केले होते, शेती आणि दुकाने सांभाळली होती, आणि घराघरांत कोणीतरी परतले नव्हते. त्यांना मताधिकार मिळायला १९४४ साल उजाडावे लागले, पण केस आखूड झाले, पोशाखातले काचणारे बंद सुटले. युद्धापूर्वीच्या फुलांच्या परफ्यूममध्ये स्त्रीने नाजूक असणे गृहीत धरलेले असे. मित्सुको तसे काही गृहीत धरत नाही. त्यातला मातकट, जवळजवळ पुरुषी तळ पाहता ते स्त्रियांसाठी म्हणून विकले गेले याचेच आज नवल वाटते. रशियन बॅलेचे सूत्रधार सर्गेई दियागिलेव्ह हे परफ्यूम पडद्यांवर शिंपडत असत असे सांगितले जाते, आणि आजही ते लावणाऱ्यांत पुरुषांची संख्या कमी नाही. शीप्र कुळाची परंपराही पुढे चालली. सुगंधकार एदमाँ रुदनित्स्का यांनी रोशास या फॅशन घराण्यासाठी रचलेले, १९४४ साली बाजारात आलेले ‘फाम’ हे फळ आणि ओकमॉस यांच्या याच संगतीवर उभे आहे.

(दृश्य : परफ्यूमच्या खोक्याचा तळ. बारीक अक्षरांतली घटकांची यादी.)

जुन्या परफ्यूमवर प्रेम करणाऱ्यांचा खरा कलह सुरू होतो तो या बारीक अक्षरांपाशी. २००५ सालापासून युरोपात विकल्या जाणाऱ्या परफ्यूमच्या खोक्यावर ॲलर्जी करू शकणाऱ्या २६ घटकांची नावे छापणे बंधनकारक झाले, आणि त्यांत ओकमॉस आपल्या लॅटिन नावाने, ‘एव्हर्निया प्रुनास्त्री’ म्हणून, हजर होते. त्यातली ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल ही दोन द्रव्ये काही जणांच्या त्वचेला फार तीव्रतेने बाधतात. आधी उद्योगाने स्वतःहून ओकमॉसच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये युरोपीय संघाने या दोन्ही द्रव्यांवर बंदीच घातली. २०१९पासून ती नव्याने बाजारात येणाऱ्या मालाला आणि २०२१पासून दुकानांत आधीच असलेल्या साठ्यालाही लागू झाली. ज्या परफ्यूमचा पायाच ओकमॉसचा, त्याच्यापुढे मोठा पेच उभा राहिला.

या काळात मित्सुकोची घडण बदलावी लागली, आणि एका टप्प्यावर जुन्या रसिकांनी ती पातळ व पोकळ झाल्याची तक्रार केली. ती तक्रार अवाजवी म्हणता येणार नाही; तळ काढून घेतला की वरचा पीच एकटा पडतो आणि सगळा तोल गोडाकडे जातो. २००८ साली तिएरी वासेर गेर्लँचे सुगंधकार झाले. घराण्याबाहेरची व्यक्ती त्या जागी बसणे ही नवलाईच होती. बाधक द्रव्ये काढून टाकलेला ओकमॉसचा अर्क वापरून आणि त्यामुळे पडलेले खिंडार इतर घटकांनी बुजवून त्यांनी मित्सुकोला पुन्हा उभे केले, आणि गेल्या दशकातली आवृत्ती आधीच्यापेक्षा मूळ स्वभावाच्या जवळ आहे, असे जाणकारांचे सर्वसाधारण मत आहे. ज्याच्या त्वचेला चट्टे उठतात त्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. तरीही एखादा पदार्थ लावू नये असे म्हणणे वेगळे आणि तो हुंगायलाही मिळू नये असे होणे वेगळे, हा रसिकांचा मुद्दाही टाकाऊ नाही. तेवढ्यासाठीच व्हर्सायला १९९० साली स्थापन झालेली ‘ओस्मोतेक’ ही संस्था जुनी परफ्यूम आर्गॉन वायूच्या आवरणाखाली, १२ अंश सेल्सिअसला, अंधारात जपते. कोतींचे ‘शीप्र’ तिथे मूळ सूत्रानुसार पुन्हा तयार करून ठेवलेले आहे.

ज्यांना जुन्या बाटलीचा मोह होतो त्यांनी एक ध्यानात ठेवावे. जुन्या परफ्यूममध्ये सर्वांत आधी नासतो तो वरचा थर. बर्गमॉट विटतो आणि उघडताच नेलपॉलिशसारखा उग्र भपका येतो. तो दहा मिनिटांत उडून गेला आणि खालचा ओकमॉस शाबूत असला, तर बाटली वाचली असे समजावे. अर्ध्या तासानंतरही आंबूस वास टिकला, तर पैसे पाण्यात गेले. रंग गडद होणे हे बिघाडाचे लक्षण नसते, पण उन्हात राहिलेली बाटली मात्र कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

नवख्याने आजच्या मित्सुकोपासूनच सुरुवात करणे बरे. त्याचे एक्स्त्रे, म्हणजे सर्वांत दाट रूप, त्वचेला धरून राहते आणि त्यात ओकमॉसचा खोलपणा अधिक असतो. ओ द पार्फ्यूममध्ये, म्हणजे त्याहून सौम्य रूपात, पीच आणि मसाले अधिक मोकळे होऊन दूरवर जातात. मुंबईच्या किंवा पणजीच्या दमट उन्हाळ्यात उष्णतेने पीच अंगावर येतो, म्हणून तिथे मनगटावर एकच थेंब पुरे. जून-जुलैच्या पावसाळी गारव्यात, किंवा पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात, हेच परफ्यूम जास्त खुलते. बाटली न्हाणीघरातल्या फळीवर न ठेवता खोक्यासकट कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवावी. आपल्या हवेत तिचे आयुष्य त्यानेच वाढते.