अण्णा आणि चावंडची टाकी
(लघुमाहितीपट – निवेदन)

[दृश्य : ड्रोन. चावंडचा कातळ, मागे धरणाचं पाणी]

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर. तिथून आपटाळ्याच्या रस्त्याला लागलं, की हा काळा कातळ दिसायला लागतो. किल्ले चावंड. मागे चमकतंय ते माणिकडोह धरणाचं पाणी, शहाजीसागर.

जुन्नरच्या पेठेत अण्णांचं सायकलचं दुकान होतं. आठवड्याचे सहा दिवस पंक्चर, ओव्हरऑइलिंग, मुलांच्या भाड्याच्या सायकली. सातवा दिवस डोंगराचा. जीवधन, हडसर, नाणेघाट सगळीकडे ते फिरले, पण जीव जडला चावंडवर. तिथली कातळात कोरलेली पाण्याची टाकी गाळ उपसून साफ करणं, हा त्यांचा ध्यास.

[दृश्य : कातळातल्या पायऱ्या. अण्णा चढताना]

ही वाट नीट बघा. १८१८ साली इंग्रजांनी इथल्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. आता धरायला रेलिंग आहे. रेलिंग नव्हतं तेव्हा अण्णा खोबणीत बोटं घालून चढायचे. या चित्रणाच्या वेळी त्यांची सत्तरी उलटून गेली होती. खांद्यावर आहे ते पाइपाचं वेटोळं. दुसऱ्या कुणाला ते उचलू देत नसत.

[दृश्य : सप्तमातृका टाकी]

माथ्यावर ओळीनं कोरलेली ही सात टाकी. सप्तमातृकांच्या नावानं ओळखली जातात. कातळात पाणी साठवायची विद्या या मुलखात सातवाहनांपासूनची. नाणेघाटातल्या लेण्यांशेजारीही अशी टाकी आहेत. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला, वाड्याला वापरायचा आणि राहिलेल्या पोकळीत पावसाचं पाणी धरायचं. गड लढला तो तलवारीवर, असं आपण म्हणतो. पण वैशाखात प्यायला पाणी नसेल तर तलवार धरणार कोण?

गडावर झेंडा लावायला, घोषणा द्यायला माणसं कमी पडत नाहीत. गाळात उतरायला पडतात. हे आमचं मत. अण्णा असलं काही बोलायचे नाहीत. ते सरळ विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचे.

[दृश्य : टाक्याच्या वरचा उतार. अण्णा खुरप्यानं चर मोकळा करताना]

परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय अण्णा गडावर घमेलं नेत नसत. आणि नेलं, तरी पहिल्या दिवशी टाक्याला हात लावायचे नाहीत. आधी वरचा उतार बघायचे. उताराचं पाणी टाक्यात यावं म्हणून कातळात पन्हळ कोरलेली असते. ती मातीनं, मुळांनी बुजली की पाणी वाट सोडून पसरतं आणि येताना माती घेऊन येतं. नवी पोरं खाली गाळ उपसायला आतुर. अण्णा त्यांना वर बसवून पन्हळ खरवडायला लावायचे.

"वरचं नळकांडं तुंबलंय आणि तू खालचा हौद धुतोयस व्हय रं?" हे वाक्य त्यांच्यासोबत काम केलेल्या प्रत्येकानं ऐकलंय.

[दृश्य : पाइप टाक्यात सोडतात. दुसरं टोक उतारावर]

आता पाणी काढायचं. गडावर वीज नाही आणि पंप अण्णांना नकोच होता. पाइप पूर्ण पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडं अंगठ्यानं दाबायची, एक टोक टाक्यात, दुसरं टाक्यातल्या पाण्यापेक्षा खाली उतारावर. अंगठे सोडले की पाणी आपोआप काठ चढून बाहेर पडतं. पाइपाच्या जोडात हवा शिरली तर मात्र सगळं थांबतं. म्हणून जोडावर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळलेली आहे. सायकलवाल्याच्या हातची गुंडाळी. एकदाही सुटलेली आम्ही पाहिली नाही.

पण टाकं कोरडं ठाक करायचं नाही. तळाशी हातभर पाणी राहिलं की पाइप वर. बेडूक, खेकडे, बारके मासे बादलीतून शेजारच्या टाक्यात. मग माणसांची साखळी, कप्पी आणि घमेली.

[दृश्य : गाळ. हात. खापराचा तुकडा]

इथे घाई चालत नाही. प्रत्येक घमेलं ताडपत्रीवर ओतून हातानं चाळायचं. वरच्या थरात पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, म्हणजे आपली पिढी. त्याखाली खापरं, कधी गंजलेलं लोखंड. जे मिळेल त्याची नोंद करून ते पुरातत्त्व खात्याकडे. घरी काही न्यायचं नाही. भिंती तारेच्या ब्रशनं घासायच्या नाहीत, कारण छिन्नीच्या खुणा जातात. सिमेंट तर अजिबात नाही. निघालेला गाळ कड्यावरून ढकलायचा नाही, माथ्यावरच सपाटीला पसरायचा. पावसाळ्यात तिथे गवत धरतं.

[दृश्य : पायथ्याची वाडी. अंगणात वाळणारा बाळहिरडा]

हे काम एप्रिल-मे महिन्यांतलं, आणि त्याच दिवसांत पायथ्याच्या वाड्यांमधली महादेव कोळी घरं हिरडा गोळा करण्यात गुंतलेली. वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. अण्णा त्या दिवसांत त्यांना कधी कामाला बोलवायचे नाहीत. उलट उतरताना अंगणात टेकायचे, हिरडा निवडू लागायचे.

[दृश्य : अल्बममधले फोटो]

हा फोटो कुकडेश्वराच्या देवळापुढचा. काकू, थोरली मुलगी, कडेवर धाकटा. घरच्यांना मागे ठेवून डोंगर करणारा हा माणूस नव्हता. सहल म्हणजे डोंगर, एवढंच पोरांना ठाऊक. पहिल्या पावसानंतर रानातून करटुली, कुर्डू आणायचे आणि ओट्यावर ठेवून स्वतःच निवडायला बसायचे.

[काकूंचं मनोगत]
"लग्नानंतर मला फिरायला कुठं नेलं, तर नाणेघाटात. नव्या साडीत. मी चार दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी. पाचव्या दिवशी म्हणाले, पुढच्या वेळी साडी जुनी नेस."

[दृश्य : दुकानाचं शटर. गुडघ्याला पट्टा]

दुकान पुढं फारसं चाललं नाही. गुडघे गेले. धाकट्यानं चाकणला कंपनीत नोकरी धरली. गेल्या थंडीत अण्णा गेले.

[दृश्य : शांत. फक्त अल्बम. निवेदन नाही]

[दृश्य : दुकानाचा माळा. सून पाइप उलगडताना]

यंदाच्या कामाला सून आणि पेठेतली काही पोरं जाणार आहेत. परवानगीचा अर्ज दिलाय. पाइपाला दोन जागी चिरा पडल्यात, तो बदलावा लागेल. सून म्हणते, या वेळी काळाच घ्या, उन्हात टिकतो. ट्यूबा आहेत, दोन पोती भरून.